एकतीस मिलिमीटर तार

परत आलेल्या पेट्या सत्तावन्न होत्या. रचनाने त्या तीनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा अठ्ठावन्न भरल्या आणि जास्तीची पेटी म्हणजे जुळणीवरच्या नागुबाईंनी जेवणाचा डबा ठेवायला घेतलेलं रिकामं खोकं निघालं. सत्तावन्नांपैकी एकोणचाळीस स्पीकरांसोबत चार्जिंगची वायर होती, अठरांसोबत नव्हती. एका स्पीकरला हळदकुंकू लावलेलं होतं. दोन पेट्यांत झुरळं होती, जिवंत. तक्रारीच्या चिठ्ठ्या तेहेतीस. त्यातल्या चोवीसांवर लिहिलं होतं ‘मधीमधी बंद पडतंय’, सहांवर ‘आवाज तुटतोय’, दोनांवर नुसतं ‘खराब’, आणि एकीवर सुवाच्य बायकी अक्षरात, ‘फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असतो. स्पीकर तिथंच वाजतो. सोप्यात नेला की गप.’

रचनाने ती शेवटची चिठ्ठी वेगळी काढून वहीला टाचली. तेहेतीस माणसांत एकाच बाईने निरीक्षण लिहिलं होतं. बाकीच्यांनी मत लिहिलं होतं.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडात ‘घुमारा’ नावाचे घरगुती स्पीकर तयार होत. फोनवर गाणं लावायचं, तार न जोडता ते स्पीकरमधून ऐकायचं. लाकडी पेटी खानापूरच्या सुताराची, आतलं सर्किट बाहेरून मागवलेलं, जुळणी इथली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच शेडात पाण्याच्या पंपांच्या मोटारींचं वायंडिंग चाले, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळून ती मोटारीत बसवायचं काम. ते काम घटलं तेव्हा मालक शरदअण्णांचा मुलगा सुहास याने स्पीकर काढले, आणि वायंडिंगच्या आठही बायका त्याच टेबलांवर स्पीकर जुळवायला बसल्या. मोटार जशी एका बाईची एक असे, तशीच पेटीही एका बाईची एक. पहिला स्क्रू तिचा, शेवटचाही तिचाच.

दीडशे पेट्यांची पहिली खेप निपाणीच्या ज्योतिबा शेठनी उचलली होती. त्यातल्या सत्तावन्न परत. शंभरात अडतीस.

“लोकांचे फोनच दरिद्री आहेत गं,” सुहास म्हणाला. तो पेट्यांच्या ढिगावर हात ठेवून उभा होता. “पाच हजारांचा फोन घ्यायचा आणि स्पीकरला नावं ठेवायची.”

“सर, त्रेसष्ट टक्के—” रचना थांबली. “बासष्ट टक्के लोकांचे फोन चालले ना. निपाणीत दरिद्री फोन फक्त आपल्याच गिऱ्हाइकांकडे कसे गेले?”

“मग भिंती जाड असतील.”

“सगळ्यांच्या?”

“तू एम.एस्सी. आहेस, तू सांग.”

हे वाक्य त्याने आठवड्यात अकराव्यांदा म्हटलं होतं. रचना मोजत होती.

ज्योतिबा शेठचा फोन मात्र तिलाच घ्यावा लागला. “मॅडम, मी वाजणारा स्पीकर घेतलता का मुका जावई?” त्यांचा आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटत होती. “आता ऐका. शनवारी सकाळी अकराला सगळा माल माझ्या घरात आणायचा. ही परत आलेली दुरुस्त करून, आन् नवी शंभरची खेप बी. तुमच्या शेडात तपासणी न्हाय, माणसं राहत्यात तसल्या घरात. मी आठ पेट्या काढणार. फोन स्वयंपाकघरात, स्पीकर सोप्यात. मधी धा मीटर आन् एक भिंत. आठातली एक गप बसली तर चालवून घेतो, माणसाच्या हातचं काम हाय. दोन बसल्या तर सगळ्याच्या सगळ्या परत न्या, आन् फुडं फोन करू नका.”

त्या दिवशी सोमवार होता. दुपारी शरदअण्णा आले, त्यांनी ढीग पाहिला आणि चहा न घेता सांगितलं, “शनिवारी जमलं नाही तर शेड व्हॉल्व्हच्या कामाला देऊन टाकतो. चार लेथ येतायत.” लेथवर वायंडिंगच्या बायकांना काही काम नव्हतं. तपासनीस म्हणून रचनालाही नव्हतं.

तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला होता. दीडशे पेट्यांच्या कार्डावर ‘तपासले’ या शब्दाखाली तिचीच सही होती. तपासलं होतं खरंच, पण टेबलावर, फोन शेजारी ठेवून, एक मीटरवरून. लांबची चाचणी शेडाच्या बोळात घ्यायची ठरलं होतं. बोळात पंपांच्या जुन्या ओतीव लोखंडी बॉड्या रचून ठेवलेल्या होत्या, त्या हलवा म्हणून तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं आणि सही केली.

मंगळवारी तिने त्या बॉड्या स्वतः हलवल्या. चौतीस होत्या. मग खडूने जमिनीवर मीटरमीटरवर रेघा मारल्या, एका टोकाला स्टुलावर फोन ठेवला, त्यावर हलगीचं एक ध्वनिमुद्रण लावलं, कारण हलगी तुटली तर लगेच कळते, आणि एकेक स्पीकर घेऊन मागे मागे सरकू लागली.

पहिली अडचण माणसांची. चौथ्या रेघेवर नागुबाई सुपारी कातरत बसल्या. सहाव्या रेघेवर सुहास फोनवर बोलत उभा राहिला. “सर, बाजूला व्हा, तुमच्या अंगात पाणी आहे,” ती म्हणाली. सुहासने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. सौम्या खिदळली. सौम्या म्हणजे आठातली सगळ्यात लहान, कॅम्पात राहणारी, घरात कानडी बोलणारी आणि टेबलावर कधीही जागेवर पक्कड न ठेवणारी. “पाण्यातून लहरी नीट जात नाहीत, एवढंच म्हणतेय मी,” रचनाने खुलासा केला, पण तोवर शेडात सुहाससरांच्या अंगात पाणी झालंय ही बातमी पोहोचली होती.

बुधवारी दुपारपर्यंत आकडे आले. परत आलेले स्पीकर तीन ते पाच मीटरवर गप होत होते. नव्या खेपेतले दहा घेतले, त्यातले सहा बारा-तेरा मीटरपर्यंत वाजले आणि बाकीचे चौथ्या मीटरवरच मेले. म्हणजे नवी खेपही तशीच होती.

आता उघडून बघणं आलं. तिने वाजणारे सहा आणि न वाजणारे सहा टेबलावर उताणे मांडले. तिची अटकळ होती की न वाजणाऱ्यांत डाग कच्चा निघेल. सोल्डरचा डाग नीट बसला नाही की असं होतं. निघालं उलटंच. न वाजणारे सहाही आतून देखणे होते. डाग गोल, चकचकीत, एकसारखे. वायरी समांतर, पांढऱ्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर बांधलेल्या. वाजणारे सहा म्हणजे चिमणीचं घरटं. एकात सौम्याची केसांची पिन निघाली.

तिने आणखी सहा-सहा उघडले. तेच. चांगलं काम वाजत नव्हतं आणि गचाळ काम तेरा मीटर वाजत होतं. तिने वहीत तक्ता केला, तो खोडला, पुन्हा केला. सुहास येऊन म्हणाला, “मग सगळ्यांना सौम्यासारखं करायला सांगू या का?” हे तो गंभीरपणे विचारत होता. रचनाने पेन्सिलीचं टोक मोडलं आणि नवी पेन्सिल घेतली.

देखणं काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. आक्काताईंचं. आक्काताई बेळगुंदीच्या, रचनाच्याच गल्लीतल्या, रोज तिच्याबरोबर एकाच बसने येणाऱ्या. एकवीस वर्षं त्यांनी मोटारी भरल्या होत्या आणि त्यांची एकही मोटार जळून परत आली नाही असं शरदअण्णा पाहुण्यांना सांगत. “आमच्या गल्लीतली पोरगी एमेस्सी झालीया, तिला घ्या,” असं शरदअण्णांना सांगणाऱ्याही त्याच. आता त्या पोरीने त्यांना काय विचारायचं? तुमचं काम इतकं चांगलं का आहे?

गुरुवारी तिने वेगळा मार्ग धरला. एक वाजणारा, एक मुका, दोन्ही शेजारी ठेवून आत दिसणारी प्रत्येक वस्तू कागदावर उतरवायची, चांगलं-वाईट न ठरवता. तेरा बाबी झाल्या. आठ सारख्या होत्या. पाच वेगळ्या होत्या, त्या एकेक करून मुक्या पेटीत वाजणाऱ्यासारख्या करायच्या आणि प्रत्येक वेळी बोळात जाऊन मोजायचं. दोरे कापले, काही फरक नाही. वायरी विस्कटल्या, काही फरक नाही. देखणं काम आपल्या हाताने बिघडवताना तिला कसंसं झालं. त्यात दोनदा वीज गेली आणि एकदा बोळात टेम्पो आला.

यादीतली नववी बाब शुक्रवारी सकाळी साडेनऊला आली. सर्किटच्या कोपऱ्यातून एक छोटी तार निघते. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नसतं. ती अँटेना, तीच हवेतली लहर पकडते. सौम्याच्या पेटीत ती गवताच्या काडीसारखी उभी होती. आक्काताईंच्या पेटीत ती दिसतच नव्हती. रचनाने भिंग घेतलं. तार होती. बारीक पेन्सिलीवर गुंडाळावी तशी घट्ट गुंडाळून, वेटोळं करून, चुंबकाच्या पाठीशी दोऱ्याने बांधून टाकलेली. मोटारीतली कॉइल बांधतात, अगदी तशी.

तिने दोरा कापला, तार सरळ केली आणि बोळात गेली. बारा मीटर सत्तर.

जुन्या वायंडिंगच्या बायका तीन होत्या. आक्काताई, नागुबाई आणि त्यांनीच शिकवलेली प्रियदर्शनी. बाकीच्या पाच नंतर आलेल्या, मोटारी फार न भरलेल्या. आठातल्या तीन म्हणजे शंभरात साडेसदतीस. जवळजवळ हाच आकडा, अडतीस, सोमवारपासून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर होता.

“आक्काताई, ही तार गुंडाळायला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे?” आक्काताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सुटं टोक हाय ते. मोटरीत एक टोक सुटं ऱ्हायलं की मोटर जळती. ह्या पोरींना कळत न्हाय, तशीच लोंबत सोडत्यात.”

“पण ही मोटर नाही.”

“वायर तर हाय न्हवं?”

“मी कागद दिला होता ना. त्यात अँटेना लिहिली होती.”

आक्काताईंनी टेबलाच्या खणातून तो कागद काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून जपलेला. “वाच. ‘अँटेना तार एकतीस मिलिमीटर.’ एकतीसच हाय. तुझ्या पट्टीनं मोजून घेते मी, मग गुंडाळते. सोड आन् मोज.”

रचनाने सोडली आणि मोजली. एकतीसच होती. सौम्याच्या एकोणतीसपासून छत्तीसपर्यंत काहीही होत्या.

“सरळ ठेवायची असं कुठं लिवलंयस?” आक्काताईंनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, त्या खरोखरच शोधत होत्या.

कुठेच लिहिलेलं नव्हतं. जी गोष्ट कोणी शहाणा माणूस गुंडाळणार नाही, ती गुंडाळू नका असं लिहावं हे रचनाला सुचलं नव्हतं. तिने सांगायचा प्रयत्न केला. लहरीची लांबी, तिचा चौथा भाग, तार तेवढीच आणि ताणलेली का हवी. आक्काताई मान हलवत होत्या, नागुबाई मान हलवत होत्या, आणि तिसऱ्या मिनिटाला तिला कळलं की त्या दोघी आपल्या पोरीचं कौतुक ऐकावं तसं ऐकतायत.

“उठा,” ती म्हणाली.

“कुठं?”

“बोळात.”

तिने आक्काताईंच्या हातात त्यांचीच पेटी दिली आणि त्यांना खडूच्या रेघांवरून मागे चालायला लावलं. चौथ्या रेघेवर हलगी तुटली, पाचवीवर थांबली. तिने दोरा कापला, तार सरळ केली, पेटी परत दिली. चार, पाच, आठ, दहा. अकराव्या रेघेपर्यंत आक्काताई मागे गेल्या तरी हलगी वाजतच होती.

आक्काताई तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “सत्तावन्न?”

“सत्तावन्न.”

“सगळ्या आमच्या तिघींच्या?”

“दिसतंय तसंच.”

मागून सौम्या म्हणाली, “आक्का, गेल्या चार महिन्यांत माझ्या टेबलाला रोज नावं ठेवलीत की वो तुम्ही.”

“ठिवणार. वाजतंय म्हणून काय ते काम झालं?” आक्काताईंनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, आणि रचनाला म्हणाल्या, “सरळ ठिवतो. पण सुटी न्हाय सोडायची. कुणाचीच.”

“आक्काताई, आज शुक्रवार आहे.”

“शुकरवार हाय म्हणून लोंबत सोडू व्हय? निपाणीपातूर गाडी हादरत जाणार. ही तार कशाबीवर पडंल. हिच्या पेटीत काय पिन निघाली म्हणालीस?”

रचनाचा पारा चढला. वाजणाऱ्या पेट्यांना हात लावायची काहीच गरज नव्हती, वेळ नव्हता, आणि पाच दिवस ज्या नीटनेटकेपणाने तिला छळलं तोच आता दुप्पट होऊन समोर उभा होता. पण पिनेचं खरं होतं. तारही कुठे टेकली तर अंतर घटणार, हेही खरं होतं. “कशात बांधणार?” तिने विचारलं.

आक्काताईंनी जुन्या कपाटातून मोटारीच्या कामातली पिवळी स्लीव्ह काढली, तारेवर चढवायची बारीक नळी. तिचा तुकडा कापून त्यात तार सरळ घातली आणि तो पेटीच्या लाकडी पट्टीला दोन ठिकाणी दोऱ्याने बांधला. तार आता काडीसारखी ताठ होती आणि हललीही नसती. बोळात मोजलं. बारा मीटर पन्नास. वीस सेंटिमीटर गेले. रचनाने ते वहीत लिहिलं आणि मान डोलावली.

पेट्यांवर कुणाचं नाव नव्हतं, म्हणून एकशे सत्तावन्नच्या एकशे सत्तावन्न उघडाव्या लागल्या. नागुबाईंना दुपारी भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं आणि त्या गेल्या. त्यांच्या वाटच्या वीस पेट्या रचनाने घेतल्या. आक्काताईंनी दोनदा गाठ दाखवली. “दोन येढं, मग आतनं, मग वढ.” रचनाने दोन वेढे घेतले आणि ओढली. तिला वाटलं, जमली. सुहास पेट्यांची झाकणं लावत होता आणि मधूनच सांगत होता की त्याला पहिल्यापासून वायरचाच संशय होता.  प्रत्येक चौथी पेटी रचनाने बोळात नेली. एकोणचाळीस मोजल्या, एकोणचाळीस दहाच्या पुढे वाजल्या. सगळ्या मोजायला वेळ उरला नाही. सात वाजता शेवटचं झाकण लागलं.

शनिवारी टेम्पोत माल आणि सुहासच्या गाडीत सुहास, रचना, आक्काताई. आक्काताईंना कुणी या म्हटलं नव्हतं. त्या सकाळी नवी इरकल नेसून गाडीजवळ उभ्या होत्या, हातात स्क्रूड्रायव्हर. तवंदीच्या घाटात टेम्पो पुढे होता आणि प्रत्येक खड्ड्याला रचना त्याच्या मागच्या फळीकडे बघत होती.

ज्योतिबा शेठचं घर लांबलचक होतं. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. “धा मीटर,” ते म्हणाले. रचनाने टेप काढली. फोन ठेवायच्या फळीपासून सोप्यातल्या टेबलापर्यंत दहा मीटर चाळीस सेंटिमीटर भरले.

“चाळीस सेंटिमीटर जास्त आहे, शेठ.”

“असू दे की. धंद्यात थोडं वर मोजायचंच असतंय.”

“मग फोन थोडा अलीकडे—”

“फोन तिथंच. मालकीणबाईंची फळी हाय ती, ती काय हलत न्हाय.”

त्यांनी ढिगाच्या तळातून, मधून, कोपऱ्यातून आठ पेट्या काढायला लावल्या आणि सोप्यात ओळीने मांडल्या. घरातली चार माणसं चटईवर बसली. सुहास दारात उभा राहिला, मग रचनाने बघितल्यावर बाजूला झाला. पहिली वाजली. दुसरी वाजली. तिसरी, चौथी, पाचवी. शेठ प्रत्येकीला मिनिटभर ऐकत आणि पाटीवर रेघ ओढत. सुहास हळूहळू हसायला लागला होता.

सहावी गप बसली. रचनाने बटण पुन्हा दाबलं. एक ठोका आला, मग काही नाही. तिने टेबलावर पेटी फिरवून बघितली. काही नाही.

“एक,” शेठ म्हणाले आणि पाटीवर वेगळीकडे रेघ ओढली. “ऱ्हायल्या दोन.”

आक्काताईंनी ती पेटी उचलून मांडीवर घेतली आणि चारही स्क्रू काढले. तेवढ्यात सातवी लागली. हलगी वाजायला लागली तरी रचनाचं लक्ष आक्काताईंच्या हातांकडे होतं. स्लीव्ह पट्टीवरून सुटून चुंबकाला टेकून वाकली होती. एक गाठ पूर्ण निसटली होती, दुसरी निसटायच्या बेतात होती.

आक्काताईंनी दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. “ही गाठ आमची न्हाय.”

“माझी आहे,” रचना म्हणाली.

“अशा किती केल्यास?”

“वीस.”

 रचनाने समोरच्या आठव्या पेटीकडे पाहिलं. बाहेरून सगळ्या सारख्या होत्या. एकशे सत्तावन्नात वीस. तपासलेल्या सात काढल्यावर उरलेल्या एकशे पन्नासांत, म्हणजे ओळीतल्या आठव्या पेटीसाठी, किती शक्यता उरते याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, दोनदा चुकला आणि तिने तो सोडून दिला. वाजलेल्यांतही तिच्या किती होत्या हे तिला ठाऊक नव्हतं.

“सात झाल्या,” शेठ म्हणाले. “आता शेवटची. मॅडम, तुम्ही लावताय का मी लावू?”

“आक्काताई, तुम्ही लावा,” रचना म्हणाली.

“मला काय येतंय त्यातलं? बटण कुठलं?”

“मोठं. एकच आहे.”

आक्काताईंनी हात पदराला पुसला आणि बटण दाबलं. रचनाने घड्याळ बघितलं आणि साठ सेकंद मोजले. मग तिने वही उघडली आणि लिहिलं:

अंतर दहा मीटर चाळीस सेंटिमीटर. भिंत एक. पेट्या आठ. वाजल्या सात.